हॉइटचा डावा कान

डेकोरेशनच्या रविवारी भांडायचं नाही, हा पॉप टॅकेटचा नियम. वर्षभर एकमेकांची डोकी फोडा, पण मे महिन्यातल्या या एका दिवशी सगळ्या टॅकेट मंडळींनी चर्चमागच्या कबरस्तानात जमायचं, आपापल्या माणसांच्या कबरींवरचं गवत उपटायचं, नवी फुलं ठेवायची, देवदारांखाली मांडलेल्या लांब टेबलांवर जेवायचं आणि गाणी म्हणून घरी जायचं. पॉपला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आता त्याच्याच कबरीवरचं गवत उपटावं लागतं. पण नियम चालू आहे. आमच्या आर्कान्सामध्ये कोर्टाचा हुकूम धाब्यावर बसवणारी माणसंही डेकोरेशनचा नियम पाळतात. यंदा मात्र जेवणाची भांडी उघडायच्या आधीच तो मोडणार अशी चिन्हं दिसत होती.

पॉपचा नातू वेड खुर्च्या मांडत होता, म्हणजे मांडून झालेल्या खुर्च्या उचलून पुन्हा मांडत होता. चाळिशी ओलांडलेला गडी, बापासारखाच उंच आणि बापासारखाच कमी बोलणारा. आज नेमकं त्याच्या वाट्याला बोलायचं काम आलं होतं. काम मामाने दिलेलं. मामा म्हणजे पॉपचा मुलगा रॉयस टॅकेट, पॉपच्या सॉमिल बँडचा गायक, पोस्टरवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं तो. वेड त्या बँडचा ड्रमवाला. आणि वेडचा बाप हॉइट पेनिंग्टन त्याच बँडचा गिटारवाला, रॉयसच्या बहिणीचा नवरा, पोस्टरवर ज्याचं नाव नसतं तो.

"डेकोरेशनलाच सांगून टाक त्याला," रॉयस फोनवर म्हणाला होता. "घरचे सगळे असतात तिथे. सांभाळून घेतील."

सांगायचं एवढंच होतं की येत्या शनिवारी मेम्फिसच्या जुन्या थिएटरात बँडचा जो कार्यक्रम आहे, ज्याची रेकॉर्ड निघणार आहे, ज्याची घरात वर्षभर चर्चा चालली आहे, त्यात हॉइट वाजवणार नाही. त्याच्या जागी मेम्फिसचाच एक तरुण गिटारवाला ठरला आहे.

याला कारण काउंटीच्या जत्रेत घडलं होतं. रॉयसचा आवाज गेल्या हिवाळ्यापासून उतरला होता. वय झालं की गवयाचा आवाज उतरतोच. सगळ्या बँडने आपली वाद्यं अर्धा सूर खाली लावून घेतली आणि काम भागलं. हॉइटकडे दोन गिटारी होत्या. लाल गिटार त्याने खालच्या सुरात लावली, तपकिरी तशीच ठेवली. मागच्या शनिवारी जत्रेत, आधीच्या बँडने वेळ खाल्ल्यामुळे सगळी घाई झाली आणि हॉइटच्या गळ्यात तपकिरी गिटार पडली. असं कुणाचंही होतं. दोन कॉर्ड वाजवले की कानाला बोचतं, माणूस जीभ चावतो आणि गिटार बदलतो. हॉइटने बदलली नाही. अख्खं गाणं तो अर्धा सूर वर वाजवत राहिला, डोळे मिटून, चेहऱ्यावर ते नेहमीचं हलकं हसू घेऊन. बेसवाल्याने मान खाली घातली. पहिल्या रांगेतल्या बाईने शेजारणीकडे बघून नाक मुरडलं. गाणं संपल्यावर वेडने ड्रमवरून उठून बापाच्या हातात लाल गिटार दिली. हॉइटला वाटलं, पोराला पुढच्या गाण्यासाठी तिचा आवाज हवा असेल. "थँक यू, बेटा," तो म्हणाला.

ते "थँक यू" वेडला आठवडाभर झोपू देत नव्हतं. चूक झाली तर त्या दिवशी बोलायची नाही, दुसऱ्या दिवशी बोलायची, हीही बँडची रीत पॉपनेच घालून दिलेली. पण दुसऱ्या दिवशी सगळे मूग गिळून बसले आणि तिसऱ्या दिवशी रॉयसने मेम्फिसला फोन लावला. वेडला आणखी एक गोष्ट खात होती. स्टेजवर हॉइटची जागा ठरलेली, रॉयसच्या मागे, ड्रमला लागून. ज्या डाव्या कानाला ती चूक कळायला हवी होती, त्या कानाशी वीस वर्षं वेडच्या ड्रमवरची मोठी झांज वाजत आली होती.

टेबलांवर चादरी अंथरणाऱ्या बहिणीकडे तो गेला. डेला त्याच्याहून मोठी, लिटल रॉकला शाळेत शिकवते, आणि वर्गात असो की घरात, कुणी गप्प बसलेलं तिला खपत नाही.

"सांगितलंस?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मी सांगते. तुझ्याच्याने व्हायचं नाही ते."

डेलाचं मत पक्कं होतं. डॅडींना टीव्हीचा आवाज इतका मोठा लागतो की शेजारचा कुत्रा भुंकतो. फोनवर ते आपलंच बोलतात आणि ठेवून देतात. कानाची यंत्रं आणून दिली, ती आठवडाभर घातली आणि खणात टाकली, म्हणे त्यात गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. जत्रेत झालं ते शनिवारी मेम्फिसला झालं तर काय शोभा राहणार, असा तिचा प्रश्न होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

"आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे उभे राहिले," ती म्हणाली. "आता खुर्चीत बसू देत की."

"बसायचंय का, विचारलंस त्यांना?"

"तू विचार ना. ती झांज त्यांच्या कानाशी मी नाही बडवली."

बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. वेड तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. त्याच्या नजरेवरून तिला कळलं की मागे कुणीतरी आहे. वळून बघते तो आई, ऑर्लीन, उभी, हातात केळ्याच्या पुडिंगचं मोठं भांडं घेऊन.

ऑर्लीनने आधी भांडं सावलीत ठेवलं. माश्या बसू नयेत म्हणून त्यावर फडकं घातलं, चार कोपरे नीट खोचले. मग म्हणाली, "आता सांगा. पहिल्यापासून."

दोघांनी सांगितलं. कानाचं तिला नवं नव्हतं. गेली काही वर्षं रस्त्यावर चालताना, चर्चमध्ये बसताना, ती आपसूक हॉइटच्या उजव्या हाताला यायची. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही, इतक्या वर्षांच्या संसारात काही गोष्टी बोलायच्या नसतात. पण जत्रेतलं गाणं तिला माहीत नव्हतं. अख्खं गाणं, आणि इतक्या माणसांपैकी एकालाही त्याच्या कानात सांगावंसं वाटलं नाही, हे तिच्या जिव्हारी लागलं.

हॉइटशी तिचं लग्न झालं तेव्हा तो अलाबामातल्या एका स्टुडिओत वाजवायचा. दुसऱ्यांच्या रेकॉर्डी. कव्हरवर गायकाचा फोटो, आतल्या बाजूला कधी याचं नाव असायचं, बहुतेक वेळा नसायचं. आजही दुकानात सामान घेताना वरच्या स्पीकरमधून हॉइटची गिटार ऐकू येते आणि गल्ल्यावरची पोरगी ती गुणगुणत पिशवी भरते. ऑर्लीन कधी सांगायला जात नाही, सांगून त्या पोरीला काय कळणार. पुढे कॅलिफोर्नियाच्या एका मोठ्या गायकाने त्याला आपल्याबरोबर घेतलं. दोन वर्षं मोठी थिएटरं, विमानं, मोठमोठी हॉटेलं. मग पॉप गेला. पॉपच्या मागे रॉयसला बँड सांभाळता येईना, बेसवाला पळाला, ड्रमवाला दारूत बुडाला. रॉयसने एक फोन केला. हॉइट त्याच आठवड्यात बसने घरी आला, दोन गिटारी मांडीवर घेऊन. त्या कॅलिफोर्नियाचा त्याने नंतर कधी उच्चार केला नाही. ऑर्लीनने मात्र त्याचं ते परत येणं मनात जपून ठेवलं होतं.

रॉयस ओकच्या झाडाखाली पुरुषमंडळींत बसला होता. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात बर्फ घातलेला गोड चहा. कुठलासा जुना किस्सा रंगात आला होता. ऑर्लीनने लांबूनच बोट वाकवलं. धाकट्या भावाला ते बोट लहानपणापासून ओळखीचं. किस्सा अर्धा टाकून तो आला.

"सिस, आज नको," तो आधीच म्हणाला. "पॉपचा नियम आहे."

"पॉपचं मी बघते. मेम्फिसला फोन तू केलास आणि सांगायला माझ्या पोराला पुढे केलंस?"

"मला जमलं नसतं गं सांगायला."

"ते दिसतंच आहे."

रॉयस वाईट माणूस नाही, हे इथेच सांगितलेलं बरं. तो नुसता गायक आहे, आणि गायकाला वाटतं की सगळं जग आपल्याकडे तोंड करून बसलंय. त्याने आपली बाजू मांडली. ही रेकॉर्ड शेवटची. एवढी वर्षं जत्रांमधून, सैनिकांच्या क्लबांमधून, लग्नांमधून घसा फोडला, आता कुठे कुणीतरी विचारलंय. तिथे एक चुकीचा सूर गेला तर तो कायमचा राहील. आणि हे हॉइटच्याच भल्याचं आहे, लोकांनी त्याला जसा होता तसाच लक्षात ठेवावा. हे शेवटचं वाक्य त्याने बहुधा आरशासमोर म्हणून बघितलं असावं.

ऑर्लीनने सगळं ऐकून घेतलं.

"तुझा आवाज खाली आला तेव्हा काय केलं रे सगळ्यांनी?" तिने विचारलं. "अख्खा बँड तुझ्यामागे अर्धा सूर खाली उतरला. कुणी बैठक बोलावली नाही. कुणी मेम्फिसहून नवा गवई मागवला नाही. आणि त्याचा कान गेला, तर त्याच्यासाठी एकालाही पाऊलभर सरकता येत नाही?"

रॉयसने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. तेवढ्यात वेड येऊन उभा राहिला. त्याच्यामागे डेला होती. ती कुणाच्या बाजूने आली होती हे तिचं तिलाही अजून ठरवता आलं नव्हतं.

"मामा," वेड म्हणाला, "नदीच्या गाण्यातला तो वरचा सूर तू शेवटचा कधी लावलास?"

"म्हणजे?"

"तीन वर्षं झाली असतील. तू तोंड उघडतोस आणि डॅडी तो सूर वाजवतात. इतका बरोबर वाजवतात की लोक घरी जाताना म्हणतात, रॉयसने काय सूर लावला. मी मागे बसतो, मला दिसतं. मेम्फिसच्या पोराला हे कोण शिकवणार?"

रॉयसला हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्यांदा तो सूर गळ्यातच अडकला त्या रात्री त्याला आपण संपलो असं वाटलं होतं. आणि पुढच्याच क्षणी तो सूर पाठीमागून आला, गिटारीतून, त्याच्या उघड्या तोंडात आणून ठेवल्यासारखा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रॉयसने मागे वळून बघितलं नाही. त्या रात्री नाही आणि नंतरही कधी नाही, कारण बघितलं असतं तर आभार मानावे लागले असते, आणि आभार मानले असते तर कबूल करावं लागलं असतं. पण आज बहिणीसमोर आणि भाचरांसमोर हे असं उघड झाल्यावर त्याला राग आला.

"आणि त्याला तो सूर ऐकूच आला नाही तर?" तो म्हणाला. "जत्रेतल्यासारखं तिथे झालं तर? सांग ना. माझा आवाज गेला हे मला कळतं तरी. त्याचं गेलेलं त्याला कळतच नाही."

वेडने डेलाकडे बघितलं, डेलाने आईकडे.

"मग ते त्यालाच विचारू," ऑर्लीन म्हणाली.

"त्याला माहीतच नाही गं काही."

"म्हणून तर सांगायला चाललेय."

हॉइट पॉपच्या कबरीशी गुडघ्यांवर बसून दगड घासत होता. बादली, ब्रश आणि नुसतं पाणी. साबण लावला की दगड पिवळा पडतो. अक्षरांमध्ये साचलेलं शेवाळं तो काडीने काढत होता. सासऱ्याच्या कबरीचं हे काम त्याने कुणाला करू दिलं नव्हतं, पॉपच्या सख्ख्या मुलालाही नाही. अर्थात सख्ख्या मुलाने कधी आग्रह धरला नाही हेही खरं.

ऑर्लीन त्याच्या उजव्या बाजूला बसली. तिचं तोंड बघून हॉइटने ब्रश ठेवला. तिने काहीही न लपवता सांगितलं. जत्रा, तपकिरी गिटार, मेम्फिस, तो पोरगा.

"कुठलं गाणं?" हॉइटने विचारलं.

"पहिलं."

"अख्खं?"

"अख्खं."

हॉइट दगडाकडे बघत राहिला. मेम्फिसच्या पोराचं त्याला काही वाटलं नाही. पण अख्खं गाणं. त्याला आठवलं, वेडने लाल गिटार आणून दिली होती. आपण थँक यू म्हटलं होतं. हसलो होतो. त्याचे कान तापले, दोन्ही, ऐकू येणारा आणि न येणारा. भर चौकात पँट सुटली असती तरी त्याला एवढी लाज वाटली नसती. पँट निदान त्याला दिसली असती. आणि लाजेमागोमाग राग आला. आठवडाभर सगळे त्याच्याशी बोलले, फोनवर हसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्याच्याच हाताखाली ड्रम शिकलेला त्याचा मुलगाही.

"सगळे मला आजारी माणसासारखं सांभाळत होते," तो म्हणाला. त्याला वाटलं आपण हळू बोललो, पण पलीकडच्या रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. "कुणाच्या सुरात खोट असेल तर सांगायचं. एवढंच तर काम असतं बँडचं."

ऑर्लीनने त्याच्या ओल्या हातावर हात ठेवला. "घरी जायचं?" तिने विचारलं.

हॉइटने ब्रश उचलला आणि राहिलेली अक्षरं घासली. नाव, साल, खालची बायबलची ओळ. बादलीतलं पाणी ओतून दगड धुतला. मग उठला. गुडघे वाजले, ते त्याला ऐकू आले नाहीत, ऑर्लीनला आले.

"जेवू आधी," तो म्हणाला. "मग नदीचं गाणं घेऊ."

जेवताना कुणाला चव लागली नाही. तळलेली कोंबडी होती, वाटाणे होते, अंडी होती, कॉर्नब्रेड होता, आणि पॉपची धाकटी बहीण नेटीआत्या एकटीच सगळ्यांना विचारत होती की आज बटाट्याच्या सॅलडमध्ये मीठ कमी झालंय का. हॉइटने मात्र दोनदा वाढून घेतलं. वेड त्याच्या समोर येऊन बसला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. हॉइटने काटा वर करून त्याला थांबवलं.

"झांजेचं मनात आणू नकोस," तो म्हणाला. "ती जागा मी घेतली होती. तू चांगला वाजवतोस म्हणून घेतली होती."

वेडने मान खाली घालून कोंबडी खाल्ली. नंतर बराच वेळ त्याने ताट उचललं नाही.

गाण्याची जागा म्हणजे देवदारांखालची मोकळी जमीन. तिथे वीज नाही, स्पीकर नाहीत. वेडकडे एकच लहान ड्रम आणि तो वाजवायचे तारेचे ब्रश. हॉइटने साधी लाकडी गिटार घेतली आणि बसला. मग त्याने एक गोष्ट केली जी घरच्यांनीही कधी पाहिली नव्हती. मान वाकवून त्याने आपला जबडा गिटारच्या खांद्यावर टेकवला आणि तारा लावायला सुरुवात केली. लाकडाचा थरथराट हाडातून डोक्यात शिरतो आणि तिथे सूर कळतो. एका रात्री गिटारवर डोकं टेकून पेंगताना त्याला हे सापडलं होतं. वर्षभर तो घरी, मागच्या खोलीत दार लावून असाच वाजवत होता. स्टेजवर कधी केलं नाही. म्हातारा गिटार चाटतोय असं लोकांना वाटेल, ही लाज. आता लाजेचं काय, ती आठवड्यापूर्वीच जत्रेत संपली होती, फक्त त्याला कळवायचं राहिलं होतं.

तारा लागल्या, अर्धा सूर खाली, अगदी बरोबर. रॉयसने डेलाकडे बघितलं. डेलाने खांदे उडवले, पण तिने आपली खुर्ची पुढे ओढली.

रॉयस नेहमीसारखा पुढे उभा राहिला, मंडळींकडे तोंड करून. हॉइट मागे, उजवीकडे, वेडला लागून. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात रॉयसने एक ओळ लांबवली. त्याची जुनी खोड, मनात आलं की शब्द धरून ठेवायचा, साथीदार आहेतच सांभाळायला. हॉइटला पुढे रॉयसची पाठ दिसत होती आणि टोपी दिसत होती. ओळ कुठे संपली ते त्याला कळलं नाही. त्याचा कॉर्ड आधी पडला, मग दुसराही आधी पडला. खुर्च्यांवरच्या मंडळींनी आपले बूट बघायला सुरुवात केली. वेडने ब्रशचा ताल बदलून ते झाकायचा प्रयत्न केला, रॉयसने आवाज चढवला, आणि सगळे मिळून हॉइटला सावरून गाण्याच्या शेवटापर्यंत न्यायला लागले, जसं त्यांनी जत्रेत नेलं होतं.

हॉइटने तारांवर हात ठेवला.

साथीदार गाणं थांबवत नाही. गायक थांबवतो, दारू प्यालेले लोक थांबवतात, पोलीस थांबवतात. तार तुटली तरी, बोटातून रक्त आलं तरी साथीदार वाजवत राहतो. एवढ्या वर्षांत हॉइटने एकही गाणं थांबवलं नव्हतं. वेडचे ब्रश हवेत राहिले. रॉयस आणखी दोन शब्द एकटाच गायला आणि गप्प झाला.

"थांबा," हॉइट म्हणाला, मोठ्याने, कारण किती मोठ्याने ते त्याला कळत नव्हतं. "मला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. उजव्याने अर्धंमुर्धं येतं. मागच्या शनिवारी मी एक अख्खं गाणं चुकीच्या सुरात वाजवलं, ते मला आज समजलं. ज्यांना आधीपासून माहीत होतं त्यांनी हात वर करायची गरज नाही."

कुणी हसलं नाही. नेटीआत्या तेवढी म्हणाली, "मला नव्हतं माहीत."

"शनिवारी मी वाजवणार आहे," हॉइट म्हणाला. "पण असा नाही. जबडा लाकडावर टेकवून वाजवणार, कसं का दिसेना. वेडजवळून उठून पुढे बसणार. आणि रॉयस, तू माझ्याकडे तोंड करायचं. तुझं तोंड दिसलं तर तू कुठे आहेस ते मला कळतं. शिवाय पॉप बोटं दाखवायचे तशी बोटं दाखवायची. पहिला कॉर्ड असेल तर एक, चौथा असेल तर चार. एवढं तुला जमणार असेल तर मेम्फिसच्या पोराला नको म्हणून सांग. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी ही गिटार पेटीत ठेवतो आणि तुझ्यावर राग धरत नाही."

रॉयस पाठमोरा उभा होता. त्याच्यापुढे सगळं घराणं बसलं होतं, काकू, आत्या, भाचे, त्यांची पोरं, आणि त्यांच्यामागे दगडांखाली बाकीचे. लोकांकडे पाठ करायची नाही, हे गायकाचं पहिलं शिक्षण. रॉयस स्टेजवरून उतरतानाही लोकांकडे बघत, मागे पावलं टाकत उतरतो. एकदा तसाच उतरताना पडला आणि पाय मोडून घेतला, पण पाठ केली नाही. ऑर्लीन त्याच्याकडे बघत होती. तिने बोट वाकवलं नाही, डोळ्यांनीही काही म्हटलं नाही. हे त्याचं त्यालाच करायचं होतं.

रॉयस वळला.

"रॉयस, अरे आम्ही इकडे बसलोय," नेटीआत्या म्हणाली.

"माहीत आहे," रॉयस म्हणाला. त्याने छातीशी हात धरून एक बोट वर केलं.

हॉइटने जबडा टेकवला आणि सुरुवात केली. या वेळी रॉयसने ओळ लांबवली तेव्हा हॉइटचे डोळे त्याच्या ओठांवर होते. रॉयसचे ओठ मिटेपर्यंत तो थांबला आणि कॉर्ड नेमका तिथेच पडला. चार बोटं, मग पाच, मग पुन्हा एक. वेडने ताल हलका केला. डेला उठून बाजूला गेली, तिथून तिला दोघांचेही चेहरे दिसत होते, आणि ती कुणाच्या बाजूची हे तिचं एकदाचं ठरलं. तिने डोळे पुसले आणि पुसताना कुणी बघितलं तरी पर्वा केली नाही.

शेवटच्या कडव्यात तो वरचा सूर आला. रॉयसने तोंड उघडलं. नेहमीप्रमाणेच गळ्यातून काही आलं नाही. समोर हॉइटच्या भुवया आवळल्या, जबडा लाकडावर घट्ट दाबला गेला, ओठ आपोआप उघडले, जणू गातोय तोच. आणि सूर आला, स्वच्छ, जिथे हवा तिथे. इतकी वर्षं हा माणूस रॉयसच्या पाठीमागून वाजवत होता. वाजवताना त्याचा चेहरा कसा होतो, हे रॉयसने आज पहिल्यांदा बघितलं. उरलेल्या दोन ओळी त्याने कशाबशा म्हटल्या.

गाणं संपलं तसा रॉयस बोलला. हॉइटला ओठ दिसावेत म्हणून एकेक शब्द सुटा करून बोलला.

"शनिवारी मी असाच उभा राहीन. ज्यांना माझं तोंड बघायचंय त्यांनी ते रेकॉर्डच्या कव्हरवर बघावं."

मंडळी हसली, नेटीआत्या सगळ्यात जास्त. ऑर्लीनला वाटलं, आता हा काहीतरी चांगलं बोलेल. हॉइटने मान डोलावली आणि गिटार पुन्हा मांडीवर सारखी केली.

"ते ठीक आहे," तो म्हणाला. "पण दुसरं कडवं तू घाईत घेतलंस. परत घे."

पॉप गेल्यापासून रॉयस टॅकेटला असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याने घसा साफ केला, मेहुण्याच्या डोळ्यांसमोर एक बोट धरलं आणि दुसरं कडवं पुन्हा सुरू केलं.